सुवाच्य अक्षरातली नोंद

पांढरकवडा,
शनिवार, २८ जून १९५८

प्रिय नलू,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर फिर्याद आहे आणि ती मी रीतसर मांडतो. माझा चष्मा पुसायचा फडका, जो तुझ्या आजोबांच्या मलमलीच्या उपरण्यातून निघाला होता आणि गेली अकरा वर्षं माझ्या नाकासमोरचं जग स्वच्छ ठेवत होता, तो लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला तोंडाशी बांधून तू अमरावतीला घेऊन गेलीस. तुझ्या आईचं म्हणणं, फडका तिने बांधला, पोरीचा दोष नाही. पण बरणी तुझी, प्रवास तुझा, लोणचं खाणार तू. तेव्हा आरोपी तूच. सध्या मी धोतराच्या सोग्याने काचा पुसतो. त्यामुळे वर्गातली सगळी मुलं मला सारखीच हुशार दिसतात, आणि शिक्षकाच्या धंद्याला हे घातक आहे. फडका परत पाठवू नकोस, त्याला आता मोहरीचा वास लागला असेल. गुन्हा कबूल आहे एवढं दोन ओळींत कळव म्हणजे झालं. कबुली ही गोष्ट आठवडाभर माझ्या फार डोक्यात आहे.

रीतीप्रमाणे तुला 'चिरंजीव' लिहायला हवं होतं. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला 'प्रिय' लिहावं असं बेबीमावशीने तुला पोचवायला आलो तेव्हा बजावलं, आणि जिच्या घरी तू राहतेस तिचा शब्द सध्या आपल्याला वेदवाक्य. तिला त्रास देऊ नकोस. सकाळचं पाणी तू भर, आणि तिने 'राहू दे गं' म्हटलं तरी भर. इकडे तुझ्या आईने तुझ्या खाटेवर मुगाचे पापड वाळत घातले आहेत. रिकामी खाट बघवत नाही म्हणते. मी म्हटलं, पापडांना कॉलेजात घालायचं तर आधी फी विचारून ठेव. ती हसली नाही. खरं म्हणजे मलाही हसू आलं नव्हतं. पहिल्या सत्राची तुझी फी भरली, पुस्तकंही आली. दुसऱ्या सत्राची दिवाळीनंतर भरायची. तुझं कॉलेज माझ्या एका पगारावर उभं आहे, त्याला दुसरा खांब नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी आज ते मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं समजायला ते लागेल.

आठ दिवस मी घाबरलेला आहे. तुला नवल वाटेल, कारण घाबरवणं हा माझा विषय आणि घाबरणं हा मुलांचा, अशी शाळेत वाटणी आहे. पण उकंडा शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला की माझ्या तळहाताला घाम येतो आणि खडू ओला होतो. मंगळवारी शाळेच्या फाटकाशी जीप थांबली. ती निघाली सरकीच्या बियाण्याची. ड्रायव्हरला हैदराबादच्या सडकेची वाट विचारायची होती. तेवढ्यात मी आठवीला संस्कृतातलं एकच रूप तीनदा चालवून दाखवलं आणि मुलांनी ते तीनदा म्हटलं. मुलांची श्रद्धा अढळ असते, हेच तर दुःख. जेवणाचंही तसंच. काल तुझी आई म्हणाली, "पानातलं तसंच राहिलं, पोळी कडू लागून राह्यली काय?" मी पोळीवर ठपका ठेवला. एखाद्यावर ठपका ठेवणं किती सोपं असतं, हे मला या आठवड्यात चांगलं कळलं.

आता मूळ विषयाकडे येतो. तो विषय म्हणजे तुझा वर्गबंधू रूपसिंग. मॅट्रिकला त्याला संस्कृतात तुझ्यापेक्षा सहा गुण जास्त पडले, हे मी अजूनही चारचौघांत सांगतो आणि तुझी आई माझ्याकडे रागाने बघते. नागपूरच्या शेतकी कॉलेजात त्याला जागा मिळाली आहे. त्याच्या बापाच्या, भीमसिंगाच्या, घरात त्याच्याआधी कोणी चौथीपलीकडे गेलं नव्हतं. त्या सबंध बंजारा तांड्यातच नव्हतं. म्हणून तांड्याच्या प्रमुखाने, पूनमसिंग नायकाने, सगळ्यांना बसवून ठराव केला. होळीला तांड्यातल्या बायका गावात येतात, लेंगीची गाणी म्हणत फेर धरतात, आणि फगव्याचे पैसे दिल्याशिवाय माणसाला फेरातून बाहेर सोडत नाहीत, ते तू पाहिलंच आहेस. यंदा आमचे हेडमास्तर घनश्यामराव फेरात सापडले आणि दोन रुपये देऊन सुटले. दर वर्षी त्या फगव्याचा बकरा होतो. यंदा नायक म्हणाला, "बकरा पुढच्या साली. औंदा पोऱ्या कॉलेजात." शिक्षणाने आजवर किती जीव वाचवले ते मला माहीत नाही, पण यंदा एक बकरा नक्की वाचला. त्या पैशात रूपसिंगची लोखंडी पेटी झाली, सतरंजी झाली, प्रवेशाचे पैसे झाले. पण दर महिन्याची खाणावळ आणि वसतिगृहाचं भाडं फगव्यातून निघत नाही. ते सरकारच्या मागासलेल्या जातींच्या शिष्यवृत्तीतून निघणार होतं. फॉर्म मीच भरला. शिष्यवृत्ती नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ आहे.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी रूपसिंग जातीचा दाखला आणायला कचेरीत गेला आणि दुपारी रिकाम्या हाताने शाळेत आला. मी विचारलं, काय झालं? तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा. मग म्हणाला, "सर, तो कारकून म्हने, तुह्या शाळेच्या दाखल्यावर त जात रजपूत हाये. रजपुताले कायची स्कॉलरशिप? तलवार इक आन फी भर." आणि तो हसला, नलू. त्याला वाटलं, कचेरीत कोणाची तरी चूक झाली असेल आणि सर आता ती निस्तरतील. सरांनी कपाट उघडलं, सात वर्षांपूर्वीचं प्रवेशांचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, आणि पान उघडायच्या आधीच सरांना आठवलं की ते अक्षर कोणाचं आहे.

सात वर्षांपूर्वी भीमसिंग मुलाचा हात धरून पाचवीत नाव घालायला आला. जातीच्या रकान्यात 'रजपूत' अशी नोंद झाली. घनश्यामरावांना मी हे असंच सांगितलं: नोंद झाली. जणू पाऊस झाला, रोगराई झाली, तशी नोंदही झाली. तू माझी विद्यार्थिनी, तुला असं फसवता येणार नाही. नोंद मी केली. त्या काळी तांड्यातल्या पोरांना वर्गात काय काय ऐकावं लागे ते तुला ठाऊक आहे. पाण्याच्या माठापाशी एकदा तूच त्यावरून एका मुलाच्या डोक्यात पाटी घातली होतीस आणि मला त्या पाटीचे पैसे भरावे लागले होते. भीमसिंग बसल्या बसल्या सांगत होता, त्याचे पूर्वज हजार हजार बैलांवर धान्य नि मीठ लादून फौजांमागे चालत, आपण राठोड, मूळचे मारवाडकडचे. मी वंशावळींचा वेडा. मला ते सगळं फार भव्य वाटलं. मनात म्हटलं, हा रकाना म्हणजे पोराच्या पायातला काटा आहे, तो आपण आताच काढून टाकू. आणि दौतीत बोरू बुडवून मी माझ्या सगळ्यांत सुवाच्य अक्षरात 'रजपूत' लिहिलं. काटा काढला असं समजून मी तो आत मोडून ठेवला. आणि एवढ्यावर थांबलो नाही. त्यानंतर त्या तांड्यातून जी जी पोरं आली त्यांना मी रजपूत करत गेलो. अशी एकूण नऊ. क्षत्रिय निर्माण करण्याचं काम आजवर देवाकडे होतं. मध्यंतरी काही वर्षं ते मी बदलीवर पाहिलं.

उपाय काय, ते घनश्यामरावांनी यवतमाळला जाऊन विचारून आणलं. शिक्षण खात्याने सांगितलं, नोंद करणाऱ्याने स्वतः लेखी द्यावं की पालकाने सांगितलेली जात मी लिहिली नाही, दुसरीच लिहिली. मग नोंद दुरुस्त होईल, नवा दाखला निघेल आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे जाईल. तीस तारखेच्या आत, म्हणजे परवा सोमवारपर्यंत. चुकीने लिहिली म्हणून भागणार नाही, कारण एक चूक चूक असते. नऊ वेळा, सात वर्षांत, त्याच झोकदार अक्षरात केलेली गोष्ट ही चूक नसते. सरकारी कागदात खोटं लिहिणं असं तिचं नाव आहे. दीड वर्षापूर्वी आपण मुंबई राज्यात आलो आणि तपासणीला नवे साहेब, नवे नियम आले. जुने इन्स्पेक्टर असते तर चहा घेऊन, कान पिळून सोडलं असतं. नव्यांचं मला काही कळत नाही. घनश्यामरावांच्या मते चौकशीपुरतं घरी बसवतील हे ठरलेलं, आणि चौकशी वर्षभर चालते. त्यापुढची गोष्ट नोकरी जाण्याची.

ते भले गृहस्थ आहेत, आणि भलेपणाचा त्यांना दम्यासारखा त्रास होतो. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि एक मसुदा पुढे सरकवला. छान मसुदा होता. 'सदर नोंद पालकाने स्वमुखे सांगितल्यावरून घेण्यात आली, पालकाचे अज्ञान हेच तिचे कारण होय', आणि खाली पालकाच्या अंगठ्यासाठी जागा. मी म्हटलं, भीमसिंगाने असं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मास्तर, भीमसिंगाले काय होते? त्याची काय नोकरी जाते? तुमचं घर हाये, पोरगी कॉलेजात हाये. अडाणी मानूस, चुकला, खलास." मी विचारलं, आणि रूपसिंगचं? तेव्हा मसुद्यावरची घडी सरळ करत त्यांनी तेही सांगितलं. बापानेच तेव्हा रजपूत सांगितलं आणि आता पैशाच्या वेळी बंजारा सांगतो, असं खात्याला दिसेल. मग खातं तांड्यात चौकशीला माणूस पाठवेल, आणि तो येईपर्यंत हे वर्ष जाईल. पुढल्या वर्षी बघू, असं ते म्हणाले. तुला सांगतो, नलू, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मी आयुष्यभर मुलांना शिकवले, पण दोन्ही पक्ष एकाच खुर्चीत बसून घामाघूम होतात हे कोणत्याही पाठशाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पुढल्या वर्षी तो पोरगा कॉलेजात जाणार नाही. तो पोत्यांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागेल. सडकेवरच्या ढाब्यापाशी एका ड्रायव्हरने त्याला आत्ताच विचारून ठेवलं आहे.

इथवर लिहून मी उठलो, पाणी प्यालो, आणि पत्र इथेच संपवावं असं मनात आलं. पण पुढची गोष्ट लिहिली नाही तर हे पत्र म्हणजे नुसती फडक्याची फिर्याद. बुधवारी भीमसिंग बैलांसाठी सरकीची ढेप घ्यायला गावात आला होता. तो मला शाळेसमोरच्या निंबाखाली भेटला. मसुदा माझ्याजवळ होता. मी त्याला म्हटलं, रूपसिंगच्या दाखल्याचा कागद आहे, अंगठा हवा. तुला माझी खोड माहीत आहे. दूधवाल्याचं पोस्टकार्डसुद्धा मी त्याला दोनदा वाचून दाखवतो, त्याने नको म्हटलं तरी. त्या दिवशी मी तो कागद वाचायला घेतलाच नाही. मी नुसतंच म्हटलं, वाचून दाखवू? त्याने धोतराला अंगठा पुसला आणि म्हणाला, "कायले वाचता मास्तर, येळ जाते तुमचा. तुमी सांगान तिथं लावतो. माह्या लेकराचं वाईट थोडंच लिवान तुमी." आणि लावला. शाईचा ठसा स्वच्छ उठला, एकही रेघ पुसट नाही. मग ढेपेचं पोतं खांद्यावर घेता घेता त्याने विचारलं, "नलूताई पोचली काय अमरावतीले?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "तुमची पोरगी, माह्या पोऱ्या, एकाच साली दोघायचा खर्च निंगाला. काही कमी पडलं त सांगजा मास्तर, लाजू नका. तांडा मोठा हाये आमचा." मी त्याला रामराम केला. त्याच्या पाठीकडे बघत मी बराच वेळ निंबाखाली उभा होतो, आणि उकंडा मला हाक मारत होता ते मला ऐकू येत नव्हतं.

आता हे सगळं तुलाच का लिहितो आहे ते सांगतो. सात वर्षांपूर्वी त्या दिवशी तू माझा डबा घेऊन ऑफिसात आली होतीस. दहा वर्षांची होतीस, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी होतीस. भीमसिंग म्हणाला होता, "बंजारा लिवा मास्तर," आणि मी हसून म्हटलं होतं, अरे, रजपूत लिहू, शोभून दिसेल. हे ऐकणारं आमच्या दोघांशिवाय तिसरं माणूस तूच. तू कदाचित विसरली असशील. म्हणून लिहून ठेवतो आहे, म्हणजे आता विसरता येणार नाही, तुला आणि मला. काल शाळा सुटल्यावर मी दुसरा कागद स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात खरं आहे ते सगळं आहे, नऊ मुलांची नावंही आहेत, खाली माझी सही आहे. भीमसिंगाच्या अंगठ्याचा कागद फाडायला घेतला, पण फाडला नाही. दोन्ही कागद माझ्या कोटात आहेत, एकेका खिशात एकेक. सोमवारी सकाळी सातच्या मोटारीने घनश्यामराव यवतमाळला जाणार आणि जाताना माझ्याकडून कागद मागणार. तुझं उत्तर त्याआधी येणार नाही असा हिशेब करूनच आज पत्र टाकतो आहे, कारण निर्णय तुझ्या गळ्यात बांधायचा नाही. खरा कागद गेला तर दिवाळीनंतरची तुझी फी मी भरू शकेन असं वाटत नाही. तेव्हा तुला परत यावं लागेल, आणि ते मी केलेलं असेल, रूपसिंगने नाही. त्याच्यावर राग धरू नकोस. बेबीमावशीला एवढ्यात काही सांगू नकोस, तुझ्या आईला मी उद्या सांगतो. मला नोकरीची भीती वाटते, नव्या साहेबांची वाटते, तू वह्या बांधून परत आल्यावर तुझ्याकडे बघायची वाटते. पण सगळ्यांत जास्त भीती वाटते ती ही, की सोमवारी घनश्यामरावांनी हात पुढे केला की माझा हात कोणत्या खिशात जाईल, हे मला आज, एवढं सगळं लिहून झाल्यावरही, सांगता येत नाही.

तुझाच,
बाबा